९३१ जीबी ९६० मध्ये बसत नाहीत: क्लोन करण्याआधी बाइट बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. जुनी एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, नवी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लावायची चिपवरची डिस्क) ९६० जीबीची आहे, म्हणजे अख्खी डिस्क क्लोन करून, म्हणजे रिकाम्या जागेसकट जशीच्या तशी उतरवून, वर २९ जीबी उरतील, असा तुमचा हिशोब आहे. उरणार नाहीत, उलट कमी पडतील. क्लोन सुरू केला नसेल तर थांबा.

९३१ हा आकडा विंडोजचा आहे, ९६० हा खोक्यावरचा. खोक्यावरचा जीबी १०० कोटी बाइटांचा. विंडोजचा जीबी १०२४ चा तीनदा गुणाकार, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख बाइटांचा. त्याला खरं तर जिबीबाइट म्हणायला हवं, १९९८ पासून ते नाव प्रमाणित आहे, पण विंडोज आजही जीबीच लिहितं. तुमची ९६० ची एसएसडी तिथे ८९४ दिसेल.

माझ्याकडे ५०० जीबीची डिस्क होती, विंडोजमध्ये ४६५ दिसायची. मी ४८० ची एसएसडी आणली. ती ४४७ दिसली तेव्हा शंका आली, म्हणून विकणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला विचारलं. उत्तर आलं, 'उरलेली जागा फॉरमॅटिंगमध्ये जाते, डिस्क ४८० चीच आहे.' मी विश्वास ठेवला. ४८० मध्ये ४६५ बसणारच, मग कशाला बघायचं? रात्री क्लोन लावून झोपलो. सकाळी काम थांबलेलं दिसलं, ते मी पूर्ण झालं असं समजलो. शेवटची ओळ 'जागा शिल्लक नाही' अशी होती, ती वाचली नाही. आणि त्याच दुपारी जुन्या डिस्कवर शून्यं भरून, म्हणजे ती कायमची पुसून, भावाला दिली.

जुन्या डिस्कवर ५,००,१०,७८,६२,०१६ बाइट होते, नवीवर ४,८०,१०,३९,८१,०५६. शेवटचे दोन हजार कोटी बाइट कधी उतरलेच नाहीत. डी ड्राइव्ह उघडेना. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलींची नावं सगळी दिसत होती, तारखांसकट. पण बाबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग डिस्कच्या टोकाला होती, ती एकही वाजली नाही. जागा फॉरमॅटिंगमध्ये जाते, हे उत्तर आजही लोकांना सर्रास दिलं जातं आणि माझा संताप होतो. फाइल सिस्टिमला, म्हणजे फाइलींची नोंद ठेवणाऱ्या रचनेला, थोडी जागा लागते हे खरं, पण ३३ जीबी नाही. तो फरक निव्वळ एककाचा आहे, आणि एकक वाढलं की तोही वाढतो: केबीला २.४ टक्के, जीबीला सुमारे ७.४, टीबीला जवळजवळ १०.

म्हणून माझं ठाम मत, जीबीत तुलना करूच नका. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, जीबीच्या शेजारी बाइटचा पूर्ण आकडा असतो. (तो त्या एका ड्राइव्हचा असतो. डिस्कचे भाग पाडले असतील तर अख्ख्या डिस्कचा आकडा क्लोनच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा.) एक टीबीची डिस्क साधारण १,००,०२० कोटी बाइटांची असते, ९६० ची ९६,०१९ कोटी. चार हजार कोटी कमी पडतात. मॅकवर पडताळाल तर गोंधळू नका, २००९ पासून मॅक खोक्याप्रमाणेच १००० ने मोजतो.

मी या क्षेत्रातला तज्ज्ञ नाही, तुमच्या डिस्कचे भाग कसे पाडले आहेत तेही मला माहीत नाही. पण डेटा ८०० जीबीच्या आत असेल तर आधी बॅकअप घ्या, शेवटचा विभाग आकसून घ्या आणि मग विभाग क्लोन करा. नुसत्या फाइली हव्या असतील तर सरळ कॉपी करा, क्लोनची गरजच नाही. नेटवरून क्लाउडवर चढवणार असाल तर १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आठने भागा, साडेबारा मेगाबाइट. तेही अपलोडचा वेग तेवढा असेल तर.

आणि जुनी डिस्क पुसू नका. नव्या डिस्कवरच्या सगळ्यात शेवटच्या ड्राइव्हमधल्या पाच-दहा फाइली प्रत्यक्ष उघडून बघा, व्हिडिओ असतील तर शेवटपर्यंत चालवा. निदान महिनाभर जुनी तशीच कपाटात राहू द्या.