त्या मुलाला काय सांगितलंस?

पत्र: दादा जाऊन वर्ष होत आलं. किडन्या निकामी झाल्या होत्या. सगळ्या मंडळीने उपवास-प्रार्थना केल्या, तरी गेला. तेव्हापासून देव ऐकतो यावर माझा भरवसाच राहिला नाही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, शंका सैतान पेरतो, प्रार्थना वाढव. मी संडेस्कूलला शिकवते. परवा एका मुलाने विचारलं, सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना, मग तुमचा दादा का गेला? मी ‘असं विचारू नये’ म्हणाले आणि रंगपेट्या वाटल्या. मनात हे असं असताना शिकवणं ढोंग नाही का? संडेस्कूल सोडू का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर:

मुली, पाळकसाहेबांवरचा तुझा राग मला समजला. पण मी अडकले ती त्या मुलापाशी. पाळकसाहेबांनी तुझं तोंड बंद केलं म्हणून तू दुखावलीस आणि त्याच दुखऱ्या मनाने एका लहानग्याचं तोंड बंद केलंस. त्याने हे तुलाच का विचारलं? ही टीचर खरं बोलेल असं त्याला वाटलं म्हणून. ढोंग शोधतेस ना? शंकेत ते मला कुठे दिसत नाही. ‘असं विचारू नये’ म्हणालीस, तिथे दिसतं.

येशूचा शिष्य थोमा, त्याला शंकेखोर म्हणून आपण सर्रास नावं ठेवतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय पुन्हा वाच. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय येशू पुन्हा उठला हे मानणार नाही, असं तो बाकीच्या शिष्यांना तोंडावर सांगतो. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच, त्याच घरात असतो. त्यांनी त्याला हाकललं नाही, तोही रुसून निघून गेला नाही. येशू आला तो व्रणांचे हात त्याच्यापुढे करत. ‘माझा प्रभू, माझा देव’ हे शब्द निघाले ते या थोमाच्याच तोंडून.

आणि आपल्या पंडिता रमाबाई! 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) मूळ शिकवणीवरच प्रश्न विचारायला लागल्या. मठातल्या ज्या भगिनींनी आसरा दिला होता त्यांना हा गर्व वाटला. बाई बधल्या नाहीत. स्वतःला पटल्याशिवाय मानणार नाही, हा त्यांचा हेका. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं ते याच बाईंनी, आणि हिब्रू-ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं तेही यांनीच. 1922 मध्ये जाईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. मूळ ग्रंथापर्यंत जाऊन स्वतः पाहायची ती ओढ त्या जुन्या प्रश्नांतूनच आली असावी, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा संडेस्कूल सोडायचं नाही. येत्या रविवारी त्या मुलाला बाजूला घे आणि आधी त्याची माफी माग. ‘दादा का गेला ते मलाही कळत नाही, मीही देवाला तेच विचारणार आहे,’ एवढं सांग. मग दोघं मिळून पवित्र शास्त्रातलं 88वं स्तोत्र वाचा. आपल्याकडे ते उपासनेत क्वचितच वाचतात, कारण त्यात शेवटी ना सुटका आहे, ना आभार, अंधारातच संपतं. पण ती सगळी तक्रार थेट देवाकडे आहे, त्यालाच रात्रंदिवस हाक मारून केलेली. तू मात्र वर्षभर त्याच्याशी अबोला धरून बसली आहेस. दादासाठी भांड त्याच्याशी, त्या मुलासमोर भांड.

त्याला आणखी काही विचारायचं असेल तर विचारू दे. तिकडे उपासना सुरू झाली तरी उठू नकोस.