काचबिंदूच्या लेझरनंतर पुढे नजर किती टिकते?

तुमचा प्रश्न असा, की आईच्या काचबिंदूवर लेझर होऊन तीन आठवडे झाले, तरी तिला पहिल्याइतकंच अंधुक दिसतं. मग लेझर वाया गेलं का, आणि दहा वर्षांनी तिला दिसत असेल का? मी डॉक्टर नाही. माझ्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, लेझर झालेलं आहे आणि बरीच वर्षं तपासण्या चालू आहेत, त्यावरून लिहितोय.

लेझर वाया गेलं असं यावरून मुळीच ठरत नाही. या लेझरने नजर वाढत नाही, ते त्यासाठी करतही नाहीत. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकत जाते आणि सुकलेला भाग परत येत नाही. आपल्या हातात असतो तो डोळ्याचा दाब. तो उतरला तर उरलेली नस वाचण्याची शक्यता वाढते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी लख्ख दिसायला लागलं, असं आपण सगळ्यांकडून ऐकलेलं असतं, म्हणून इथेही तीच अपेक्षा धरली जाते. तुमच्या आईला मोतीबिंदूही आहे का, हे मात्र नक्की विचारा. अंधुकपणा त्याचा असेल तर तेवढा भाग सुधारू शकतो.

आता फाइल काढून लेझर कोणतं झालं ते बघा. एसएलटी लिहिलं असेल तर डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं, त्या जाळीवर लेझर मारलंय. मोरीची जाळी तुंबावी तशी ती तुंबलेली असते. लेझरनंतर निचरा हळूहळू सुधारतो, पूर्ण परिणाम कळायला सहा-आठ आठवडे लागतात. तोवर चालू थेंब मनाने बंद करू नका. याग पीआय लिहिलं असेल तर आईच्या डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन अरुंद आहे आणि आत पाण्याला वाट मिळावी म्हणून बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडलंय. त्याने अचानक दाब चढण्याचा धोका बराच कमी होतो, पण नस आधीच खराब झालेली असेल तर पुढे बऱ्याच जणांना थेंब लागतातच, काहींना ऑपरेशनही.

एसएलटीबद्दल ब्रिटनमधला ‘लाइट’ नावाचा अभ्यास मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. ७१८ नवे रुग्ण घेतले, निम्म्यांना आधी लेझर, निम्म्यांना आधी थेंब. सहा वर्षांनी लेझरवाल्यांपैकी दहातल्या सुमारे सात डोळ्यांचा दाब थेंबांशिवाय आणि ऑपरेशनशिवाय ठरवलेल्या पातळीत होता. काहींना लेझर पुन्हा करावं लागलं होतं. आजार पुढे सरकला तो लेझरच्या गटात १९.६ टक्के डोळ्यांत, थेंबांच्या गटात २६.८ टक्के. ऑपरेशनची पाळी १३ डोळ्यांवर आली, थेंबवाल्यांमध्ये ३२ डोळ्यांवर. मला यातून खूप धीर मिळाला. पण हे रुग्ण बहुतेक सुरुवातीच्या किंवा मधल्या टप्प्यातले होते. आईची नस किती उरली आहे, त्यावर तिचं पुढचं बरंचसं अवलंबून आहे.

आणि लेझरच्या गटातही जवळजवळ पाचातला एक डोळा खालावलाच, हे विसरू नका. एसएलटीचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो आणि ओसरताना काहीच जाणवत नाही: दुखत नाही, लाल होत नाही. काचबिंदू आधी कडेची नजर खातो, त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असतानाही आजार वाढत असू शकतो. म्हणून ‘आई, दिसतंय ना?’ एवढं विचारून भागत नाही. दाब, फील्ड टेस्ट (कडेपर्यंतची नजर तपासतात ती) आणि नसेचा ओसीटी (नसेची जाडी मोजणारं स्कॅन), या तिन्हींचे जुने-नवे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि डॉक्टरांना थेट विचारा: हिच्यासाठी दाब किती ठेवायचाय, आणि मागच्या फील्डपेक्षा ही खालावली आहे का? फील्ड टेस्ट कंटाळवाणी असते, पहिली बऱ्याच जणांची बिघडते. त्या एका कागदावर घाबरून जाऊ नका, पुन्हा करून घ्या.

डोळा लाल होऊन जोरात दुखला, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून घालू नका, त्यांनी दाब चढू शकतो. आणि आईला आहे म्हणजे तुम्हा भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त आहे. चष्म्याच्या नंबरावर न थांबता तुम्हीही दाब आणि नस तपासून घ्या, पुढच्या वेळी आईबरोबर जाल तेव्हाच.