रिपोर्ट उद्या मिळेल का?

आमचे पनीरचे छोटे युनिट आहे. साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जिवाणूच्या रिपोर्टला पाच दिवस लागतात, माल अडकून पडतो. रॅपिड टेस्टने त्याच दिवशी कळेल का?

त्याच दिवशी नाही, पण दुसऱ्या दिवशी कळू शकते. निकष असा, की 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला अजिबात सापडता कामा नये. एवढ्या पनीरमध्ये दोन-चारच जिवाणू दडून बसले असतील, तर त्यांना थेट हुडकणे अवघड. म्हणून ते पनीर 225 मिली पेप्टोनच्या (जिवाणूंच्या खाद्याच्या) पाण्यात घोटून 37 अंशांवर रात्रभर ठेवतात, म्हणजे असतील ते वाढतात. इथवर जुनी आणि नवी पद्धत सारखीच. पुढे जुन्या पद्धतीत इतर जिवाणूंना दाबणाऱ्या निवडक माध्यमात एक दिवस, मग एक्सएलडी नावाच्या माध्यमाच्या लाल प्लेटवर आणखी एक. तिथे जिवाणूंच्या मधोमध काळे ठिपके असलेल्या वसाहती दिसल्या, की खात्रीच्या चाचण्या आल्याच. पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी रॅपिड टेस्ट, हे मधले दिवस वाचवते. 'दोन तासांत रिपोर्ट' म्हणणाऱ्या किटवाल्याला विचारा, रात्रभराची वाढ धरून की सोडून?

मिरची पूड वाफेवर निर्जंतुक केली, तरी पीसीआर पॉझिटिव्ह आली. प्लेटवर मात्र काहीच उगवले नाही. लॅब चुकली का?

तसेच म्हणता येणार नाही. पीसीआर डीएनए शोधते, आणि मेलेल्या जिवाणूचाही डीएनए काही काळ टिकतो. पण 'मेलेलेच असणार' असे धरून माल सोडू नका. इतर जिवाणूंच्या गर्दीत साल्मोनेला प्लेटवर झाकलाही जातो. नवा नमुना देऊन दोन्ही चाचण्या पुन्हा करून घ्या.

दूध संकलन केंद्रावर आम्ही एमबीआरटी, म्हणजे मेथिलीन ब्लूची रंग उडण्याची चाचणी, करतो. तेवढे पुरे ना?

कच्च्या दुधाची प्रत ठरवायला चांगली चाचणी आहे, मला तर ती आवडतेच. 10 मिली दूध, 1 मिली मेथिलीन ब्लू, 37 अंशांचे पाणी. जिवाणू ऑक्सिजन संपवतात तसा निळा रंग उडतो. अर्ध्या तासात उडाला तर दूध खराब, पाच तासांनंतरही टिकला तर उत्तम. मात्र जिवाणू कोणते, हे ती सांगत नाही. शिवाय गाईला मस्टायटिससाठी (कासेच्या दाहासाठी) अँटिबायोटिक दिले असेल, तर जिवाणू दबतात आणि रंग उगाच टिकतो. त्या दुधाची अँटिबायोटिकची पट्टी वेगळी लावा.

टेबल पुसून स्वॅब मीटरमध्ये घातला, की 15 सेकंदांत आकडा येतो. तो जिवाणूंचा असतो का?

नाही, एटीपीचा, म्हणजे जिवाणूंत आणि अन्नाच्या अंशातही असणाऱ्या ऊर्जेच्या रेणूचा. काजव्याला चमकवणाऱ्या रसायनावरच ते मीटर चालते. टेबलावर दह्याचा ओघळ राहिला असेल तरी आकडा चढतो. धुलाई नीट झाली का, एवढेच त्यावरून ठरवा.