तुम्ही इचारलं कुठं, मालक?

या महिन्यात पत्रं बरीच आलीत, त्यातली चार घेतोय. चौघांचं दुखणं थोडंफार एकाच जागचं निघालं, बाजार बदलला, गिऱ्हाईक बदललं, आता आपली माणसं अन् आपली पद्धत कशी बदलायची. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, सोलापूर लहान आहे, नवी पेठेत शिंकलं तर अशोक चौकात कळतं.

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, वडिलांपासूनचा. मुलगा पुण्याहून एमबीए करून आला आणि म्हणाला, पप्पा आपल्याला कल्चर बदलावं लागेल. रोज सकाळी दहा मिनिटं मीटिंग, भिंतीवर बोर्ड, कामगारांचा व्हॉट्सॲप ग्रुप, सजेशन बॉक्स, सगळं केलं. सहा महिन्यांत बॉक्समध्ये दोन चिठ्ठ्या आणि गुटख्याची एक रिकामी पुडी निघाली. दोन जुने जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, सोडून गेले. मुलगा म्हणतो कामगारांची मेंटॅलिटीच नाही. चूक कोणाची?
– एक कारखानदार

उत्तर : मालक, त्या पुडीवरून चिडू नका, निदान कोणीतरी बॉक्स उघडून तरी बघितला!

आधी माझीच एक गोष्ट सांगतो. मी वीस-बावीस वर्षं याच धंद्यात प्रॉडक्शन बघितलंय. एका कारखान्यात, नाव राहू दे, आमचा एक्स्पोर्टचा माल परत आला. टॉवेलच्या काठाजवळ एक बारीक पट्टा पडलेला, डोळ्याला पटकन दिसत नव्हता पण बोट फिरवलं की लागायचा. रात्रपाळीला एक म्हातारे अण्णा होते, त्यांच्याजवळ गेलो, तर ते तंबाखू मळता मळता म्हणाले, हां, तो तिसऱ्या लाइनीतला माग, त्याचं चार दिवस झाले बिघडलंय. मी म्हटलं अहो मग सांगायचं नाही का? तर थंडपणे म्हणाले, "तुम्ही इचारलं कुठं, मालक?"

तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. घरी येऊन जेवताना हिशोब केला तेव्हा कळलं. आमच्याकडे पगार नगावर. माग थांबवून जॉबरला बोलवायचं म्हणजे पाऊण तास गेला, तेवढे नग कमी, म्हणजे कारखान्याचा फॉल्ट दुरुस्त करायचे पैसे त्या अण्णांच्या खिशातून जाणार, वर मुकादम विचारणार माग का बंद. आणि दोनच महिन्यांपूर्वी एका पोराने असाच माग थांबवला होता तर त्याची अर्धी पाळी कापली होती, त्या कागदावर सही माझीच होती. अख्ख्या शेडने ते बघितलेलं. मग कुठलं कोण सांगतंय.

आता गंमत बघा, जगभरातले मॅनेजमेंटवाले ज्या कंपनीचं नाव घेऊन शिकवतात ती टोयोटा मुळात मागवाल्यांचीच. साकिची टोयोडा हा सुताराचा पोरगा, त्याने १९२४ ला जो ऑटोमॅटिक माग काढला त्यात ताण्याचा म्हणजे उभा धागा किंवा आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. आपल्याकडे धागा तुटला तरी माग खटखट चालतच राहतो आणि खराब कापड निघत राहतं, कोणीतरी डोळ्यात तेल घालून उभं राहिलं तरच ते सापडतं. त्यांचा माग स्वतःच थांबतो म्हटल्यावर एका माणसाला कितीतरी माग सांभाळता यायला लागले. त्या मागाचे हक्क १९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना घेतले, म्हणजे ज्यांच्याकडून जग माग विकत घेत होतं त्यांनीच! मुलाने, किइचिरोने, १९३७ ला मोटारीची कंपनी काढली. आणि मागातली तीच आयडिया पुढे मोटारीच्या लाइनवर गेली, कामगाराच्या डोक्यावर दोरी, काही चुकलं की ओढायची, टीम लीडर धावत येतो, दोघांनी मिळून सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून कोणाची पाळी कापत नाहीत.

तुमच्या चिरंजीवांनी कॉलेजात हे वाचलं असणारच. पण दोरी टांगणं सोपं आहे, ओढू देणं अवघड. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला जनरल मोटर्सचा प्लांट होता, कामगार आणि मॅनेजमेंट यांचं रोजचं भांडण, गैरहजेरी प्रचंड, शेवटी १९८२ ला बंद केला. १९८४ ला तोच प्लांट टोयोटाबरोबर भागीदारीत परत सुरू झाला आणि घेतलेले बहुतेक कामगार जुनेच, युनियनसुद्धा तीच. आणि थोड्याच काळात तिथनं निघणारी गाडी चांगली निघायला लागली. मेंटॅलिटी नाही म्हणत होते ती हीच माणसं. मग जनरल मोटर्सने म्हटलं हे आपल्या बाकीच्या प्लांटात पण करू, तिथे मात्र वर्षानुवर्षं जमलं नाही, कारण दोरी लावली पण लाइन थांबली की मॅनेजर ओरडायचा, त्याचं बक्षीस अजून गाड्यांच्या आकड्यावरच होतं ना.

म्हणून मालक, बोर्ड आणि मीटिंग जरा बाजूला ठेवा, आधी पगाराचा हिशोब बघा. कामगाराने स्वतःहून फॉल्टसाठी माग थांबवला तर तेवढ्या वेळाचे पैसे त्याला सरासरीने द्या, आणि हे तोंडी सांगून भागणार नाही, पहिल्याच पगाराला हिशोबात दिसलं पाहिजे. काही जण फायदा घेतील, घेऊ देत, महिनाभरात कळतं कोण ते, आणि ते तुमच्या आधी बाकीच्या कामगारांनाच कळतं. सकाळच्या मीटिंगमध्ये सध्या कोण बोलतं? मुलगाच बोलत असणार. त्यापेक्षा त्याला महिनाभर रात्रपाळीला शेडमध्ये पाठवा, हातात लॅपटॉप नको, कांड्या भरायला बसू दे. बोर्डांचं पण बघा, कुठल्या भाषेत लावलेत? तुमच्या शेडमधली निम्मी माणसं घरी तेलुगू बोलत असतील, कोणी कन्नड, आणि बोर्डावर इंग्रजीत टीमवर्क.

ते दोन जॉबर मात्र मला सगळ्यात जास्त खटकले. जॉबर म्हणजे शेडची आठवण हो, कुठला माग कुठल्या महिन्यात रुसतो ते त्याला झोपेत माहीत असतं. त्यांच्या घरी जाऊन या, फोनवर नको. परत या म्हणायलाच पाहिजे असं नाही, चहा घ्या आणि का सोडलं ते विचारा, आणि उत्तर येईल तेव्हा मधे बोलू नका. मुलाला बरोबर नेलं तर उत्तम.

प्रश्न : मी एका जुन्या कंपनीत सुपरवायझर आहे, बारा वर्षं. नवीन मॅनेजमेंट आली, म्हणाले आता ओपन कल्चर, मनमोकळं बोला. मी मीटिंगमध्ये बोललो की दिलेली तारीख पाळता येणार नाही, मशीनच तेवढं देत नाही. त्यानंतर मला मीटिंगलाच बोलवत नाहीत, आणि यावर्षी रेटिंग पण खाली. माझंच चुकलं का?
– एक सुपरवायझर, होटगी रोड

उत्तर : नाही, तुमचं चुकलं नाही. फक्त तुम्ही पाटी वाचली आणि खरी मानली.

नोकियाचं सांगतो, हातातला तो विटेसारखा मोबाईल आठवत असेल. ही कंपनी १८६५ ला फिनलंडमध्ये कागदाची गिरणी म्हणून सुरू झालेली, मग रबर, केबल असं करत करत मोबाईलपर्यंत आली, म्हणजे बदलणं त्यांना जमत नव्हतं असं कोणी म्हणूच शकत नाही. तरी २००७ ला आयफोन आला आणि सहा-सात वर्षांत यांना मोबाईलचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायची वेळ आली. संशोधकांनी नंतर तिथल्या मॅनेजर लोकांशी बोलून बघितलं तर काय निघालं, मधल्या लोकांना माहीत होतं की आपलं सॉफ्टवेअर मागे पडतंय, पण वरचे चिडायचे, म्हणून वर जाताना प्रत्येक पायरीवर बातमी थोडी गोड होत गेली. वरच्यांना वाटलं सगळं वेळेत चाललंय.

तुमच्या रेटिंगबद्दल पण एक. मायक्रोसॉफ्टमध्येच बरीच वर्षं अशी पद्धत होती की टीममधल्या लोकांना एकमेकांशी तोलून क्रम लावायचा, कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली गेलंच पाहिजे, भले सगळ्यांनी चांगलं काम केलेलं असो. मग शेजारच्याला मदत कोण करणार, त्याचं बरं झालं तर माझं खाली जाणार. २०१३ ला त्यांनी ते बंद केलं. सत्या नडेला सीईओ झाले ते त्याच्यानंतर, २०१४ ला, सगळं श्रेय त्यांनाच देतात म्हणून सांगितलं.

तुम्ही काय करायचं? हीरो होऊ नका, घर चालवायचंय. पण पुढच्या वेळी मीटिंगमध्ये बोलायच्या आधी मशीनचं आठवड्याचं रीडिंग कागदावर घ्या, कुठल्या पाळीला किती तास बंद, कशामुळे, आणि एकट्या साहेबाला केबिनमध्ये दाखवा, चारचौघांत त्याची तारीख खोटी पाडू नका. आकडा दाखवूनही तो तुमच्यावरच चिडला तर मग कंपनीबद्दल जे समजायचं ते समजलं, हळूच बायोडाटा काढून ठेवा. बारा वर्षांचा अनुभव म्हणजे काय रद्दी नाही.

प्रश्न : मी एमबीए करते. आमच्या सरांनी शिकवलं की कोडॅक झोपलेली राहिली म्हणून बुडाली. एवढी मोठी कंपनी झोपते कशी?
– विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : झोपलेली नव्हतीच ताई, टक्क जागी होती. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने १९७५ ला बनवला, साडेतीन किलोच्या आसपासचं धूड, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पण कंपनीचं पोट फोटोच्या रोलवर आणि तो धुण्यावर भरत होतं. तुमच्या आईबाबांना विचारा, लग्नात छत्तीस फोटोंचा रोल संपू नये म्हणून फोटोग्राफर नुसता फ्लॅश मारायचा! जो विभाग सगळ्यांचा पगार काढतो त्याच्या मुळावर येणारं काम कंपनीतलंच पोरगं घेऊन आलं तर त्याला कोण विचारतंय. पुढे त्यांनी डिजिटल कॅमेरे काढले पण, विकले पण, तरी २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

फुजीची आणि यांची तुलना करून बघ, परीक्षेला उपयोगी पडेल. तोच धंदा, तेच संकट. पण फुजीवाल्यांनी बसून यादी केली की फिल्म बनवता बनवता आपल्याला काय काय येतं. फिल्ममध्ये जिलेटिन असतं, ते कोलॅजनपासून होतं, आणि कोलॅजन आपल्या कातडीतही असतं, मग २००७ ला त्यांनी चेहऱ्याला लावायच्या क्रीमची रेंज काढली. टीव्हीच्या एलसीडी पडद्याला लागणारी पातळ फिल्म बनवली, औषधांत शिरले. पण फार गोड गोष्ट समजू नको, हजारो लोकांची नोकरी तिथेही गेली. ते पण पेपरात लिही, मार्क कमी मिळाले तरी चालेल.

आणि एवढ्या लांब जायची तरी काय गरज, एक दिवस जुनी गिरणी जिथे होती तिकडे जा. १८७७ ची ती गिरणी, तिच्या भोंग्यावर अर्ध्या गावाचं घड्याळ चालायचं, आता नाही. गिरणीतून घरी बसलेल्यांतल्या कितीतरी जणांनी घरातल्या घरात माग टाकले, आज गावात युनिफॉर्म शिवणारे एवढे कारखाने दिसतात तेही कापड कळणाऱ्या गावातच उभे राहिले ना. हातातलं काय टिकलं आणि काय गेलं, यावर तुझा प्रोजेक्ट होईल. गिरणीतले म्हातारे अजून आहेत, बोलायला लागले की थांबत नाहीत, पण घाई कर.

प्रश्न : आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो, चौदा बायका आहेत. आधी माल गावात आणि गड्ड्याच्या यात्रेत जायचा, आता पुण्या-मुंबईच्या ऑनलाइन ऑर्डरी जास्त. भाकरीचा चुरा झाला म्हणून तक्रारी येतात, पावसाळ्यात नरम पडली म्हणून येतात. भाचा म्हणतो हजेरीचं ॲप आणि प्रत्येकीला टार्गेट द्या. बायका नाराज आहेत.
– एक गृहउद्योगवाली

उत्तर : अक्का, ॲपने भाकरी कडक होत नाही. भाच्याला सांगा थांब जरा.

तुमच्या बायकांनी आजवर भाकरी बांधली ती डोक्यावरच्या टोपलीसाठी, फार तर एसटीत मांडीवर ठेवायला. कुरिअरवाला ती कशी फेकतो हे त्यांनी बघितलेलंच नाही. पुढचा परत आलेला खोका तुम्ही उघडू नका, तसाच सगळ्यांच्या मधे ठेवा, त्यांनाच उघडू द्या आणि तुम्ही चहा टाकायला आत जा. परत याल तोवर तिथे भांडण लागलेलं असेल, कोण म्हणेल थर उभे लावा, कोण म्हणेल भाकरी पूर्ण गार व्हायच्या आत पिशवीत भरतो म्हणून घाम धरते, कोण म्हणेल लहान थापू. हे सगळं करून बघा, एकेक आठवडा एकेक, आणि कुठल्या पद्धतीचा खोका चुरा होऊन आला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला त्यांच्यातल्याच एकीला सांगा. टार्गेट दिलंत तर पहिल्यांदा भाकरी गार व्हायचा वेळच कापला जाईल.

आणि चटणीचं काही लिहिलं नाहीत, म्हणजे ती बरी चालली असणार. एक पाकीट ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, पैसे देतो.