दुसऱ्या दिवशी त्याच दारात

पोरी,

तुझा निरोप रात्री वाचला. बेचाळीसपैकी नऊ घरांनी हत्तीरोगाच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत, आणि तू विचारतेस, फॉर्मवर ‘नकार’ लिहू की ‘घर बंद’? नकार असेल तर नकारच लिही. हे पुन्हा विचारू नकोस.

लोक अडाणी आहेत, असं तू दोनदा लिहिलंयस. ते मला टोचलं. धडधाकट माणसाच्या दारात जाऊन आपण सात-आठ गोळ्या पुढे करतो. ‘आमी का बिमार आहो?’ हा शहाण्या माणसाचा सवाल आहे. जंतू रक्तात रात्री वर येतात, म्हणून नमुनेही रात्री घेतात, आणि पाय सुजेपर्यंत वर्षं निघून जातात, हे तुला त्यांच्या बोलीत सांगता आलं पाहिजे.

आणि हे नीट समजून घे. ज्याच्या रक्तात जंतू जास्त, त्यालाच गोळ्यांनंतर ताप, डोकेदुखी, गरगर जास्त होते, कारण जंतू मरत असतात. म्हणजे ज्याला औषधाची सगळ्यात गरज, तोच पुढच्या वर्षी दार लावतो. आतले मोठे जंतू मात्र वर्षानुवर्षं जगतात, एका खेपेत भागत नाही. म्हणून म्हणतो, दुसऱ्या दिवशी त्याच दारात जा.

2004 साली देशभर ही मोहीम सुरू झाली, त्यानंतरच्या एका वर्षी मी नेमकं तेच केलं नाही. तेव्हा डीईसी आणि अल्बेंडाझोल, दोनच औषधं होती. भाताची रोवणी चालू, माणसं बांधीत. एका म्हातारीच्या हातात घरभराच्या गोळ्या ठेवल्या, आकडा भरला, पुढे निघालो. तिच्या सुनेनं सकाळी उपाशीपोटी घेतल्या आणि रोवणीतच चक्कर येऊन चिखलात बसली. रात्री ताप. चार दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही. पुढच्या वर्षी म्हातारीनं फळीवरून हळदीनं पिवळी झालेली पुडी काढली. बाकी सगळ्यांच्या गोळ्या तशाच. ‘तुमच्याच आहेत, घेऊन जा.’

माझ्याकडे तीन गावं होती, आणि वरून रोज संध्याकाळी आकडा मागायचे. तू काय केलं असतंस? जाऊ दे. सायकल होती. जाता आलं असतं.

आता तुमच्याकडे आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषधही आहे, नागपूर जिल्ह्यात 2019 ला आलं तसं. त्याच्या गोळ्या उंचीवर ठरतात; उंची अंदाजानं धरू नकोस, काठीनं मोज. संध्याकाळी, जेवण झाल्यावर जा. गोळ्या तुझ्यासमोर तोंडात गेल्या पाहिजेत, ‘मग खातो’ चालायचं नाही. गरोदर बाई, 2 वर्षांखालचं लेकरू, खूप आजारी माणूस यांना नाही, हे तुला पाठ आहेच. ‘काही होत नाही’ असं मात्र कधी म्हणू नकोस. ‘ताप येऊ शकतो, मी सकाळी येते,’ एवढंच म्हण. आणि सकाळी खरंच जा! कुणाला काही झालं नसलं तरी जा.

त्या नऊ घरांकडे उद्या वळू नकोस. ज्या तेहतीस घरांनी खाल्ल्या तिथे आधी जा, पिशवीत पॅरासिटामॉल घेऊन. नऊ घरं ओसरीवरून बघत असतातच. कुणाकडे चहा मिळाला ते मला कळव.

तुझा,
मामा