ताट वर कोण नेतं?

पत्र, थोडक्यात: मी मूळची पुण्याची, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते, सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिसात गोरा बॉस मला आणि टीममधल्या दुसऱ्या भारतीय मुलीला अजूनही एकमेकींच्या नावाने हाक मारतो. मीटिंगमध्ये मी काही सुचवलं की कुणीही ढिम्म. तेच दुसऱ्याने म्हटलं की वा वा. आपल्या लोकांत जावं, तर मंडळातल्या बायका 'पुण्यात कुठे?' विचारतात. ताडीवाला रोड म्हटलं तर चेहरे बदलतील, म्हणून मी नुसतं 'स्टेशनजवळ' म्हणते. आडनाव कॉलेजात असतानाच बदलून घेतलं. आम्ही बौद्ध आहोत हे इथे कुणाला माहीत नाही. संक्रांतीला मी हळदीकुंकूसुद्धा करते. वडील लवकर गेले. आईने महापालिकेत झाडणकाम करून मला इंजिनीअर केलं. ती सध्या सहा महिन्यांसाठी आली आहे. कुणी पाहुणे आले की ती वर मुलाच्या खोलीत बसते, तिला तेच बरं वाटतं. मी ताट वर नेऊन देते. बाबासाहेबांचा फोटोही तिच्याच खोलीत ठेवलाय. गोऱ्यांत मी ब्राऊन, आणि ब्राऊनांत उद्या 'त्यातली' निघेन ही धास्ती. मी नक्की कुठली? नोकरी बदलू, की मंडळ सोडू?
– कुठलीच नाही

अगं बाई,

तुझ्या पत्रात बॉसचं गाऱ्हाणं पानभर आहे, मंडळाचं दीड पान, आणि आईच्या वाट्याला जेमतेम चार ओळी. त्यातल्या ताटापाशी मी अडकले ते अजून तिथेच आहे.

'तिला तेच बरं वाटतं' असं लिहितेस. विचारलंस तिला? जिने वर्षानुवर्षं पहाटे कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी, जाऊन हजेरी लावली, मुकादमाशी पाळीवरून भांडण काढलं, चार बायकांच्या घोळक्यात फुटपाथवर बसून चहा प्यायला, तिला माणसांत बसायला आवडत नाही हे मला सांगू नकोस. झाडणकाम करणाऱ्या बायका मी रोज बघते. खराटा चालू असतो आणि तोंडही. रस्त्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला तिच्या सुनेची खबर विचारते. अशी बाई तुझ्या घरी नातवाच्या पलंगावर दार लावून एकटी जेवते, आणि खालून तुमचं हसणं ऐकते. ती तक्रार करत नाही, कारण तू न सांगताच तिला सगळं समजलंय.

आणि तो फोटो. आई आणि बाबासाहेब, दोघांची रवानगी एकाच मजल्यावर!

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. ती दारात कुणाला पटकन 'जयभीम' म्हणाली तर? 'आम्ही कोठीवर' म्हणून काही सांगू लागली तर? तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणारच नाही. जात समुद्र ओलांडून तिकडे पोचली नसती, तर सिएटलला फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घालावी लागली नसती. तुझ्याच राज्यात तसा कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी तो व्हेटो केला. कारण काय दिलं, तर आहेत तेच कायदे पुरेसे आहेत म्हणून. विरोधाला पुढे कोण होतं? आपलीच भारतीय मंडळी. तेव्हा 'पुण्यात कुठे?' या प्रश्नात काय दडलंय ते तुला बरोबर कळतं. तो प्रश्न साधा नसतोच.

आडनाव बदललंस, त्याबद्दलही मी काही बोलणार नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना काय सांगितलं होतं? गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसू नका, अंगावरचे ते जड दागिने टाका, त्यावरून तुमची जात ओळखू येते. बायकांनी ऐकलं, आणि घोट्यापर्यंत नेसून दाखवलं. खुणा टाकायला त्यांनीच सांगितलं होतं, हे तू मला ऐकवू शकतेस. पण त्या बायका नव्या पद्धतीने नेसून चारचौघांत उभ्या राहिल्या गं. आईला आत बसवून कुणी बाहेर आली नव्हती.

तू राहतेस त्या देशात याला नाव आहे, पासिंग. उजळ कातडीचे काळे लोक गोरे म्हणून राहायचे. नोकरी मिळायची, घर मिळायचं, गोऱ्यांच्या वस्तीत नांदायचे. त्यासाठी नात्यागोत्यातली काळी माणसं तोडावी लागत. सावळी आई दारात उभी राहिली की सगळा डाव उघडा पडणार, म्हणून ती दारात येताच कामा नये. तू तोडलं नाहीस, एवढंच. तिकीट काढून आईला बोलावलंस आणि जिन्यावरून वर पाठवलंस.

हळदीकुंकू तू कर नाहीतर करू नकोस, मला त्याचं सोयरसुतक नाही. फक्त एवढं बघ, विधवा आई वर आणि सवाष्णींचा थाट खाली, ही रीत तू ज्यांच्यासारखी दिसायला धडपडतेस त्यांच्या आज्यांच्या वाड्यातली आहे. त्यांच्या नातींनी ती कधीच टाकली असेल. तू मात्र अगदी मनापासून पाळतेस.

मी रागावले आहे, दिसतंयच. पण हेही दिसतंय की ताट तू स्वतः नेतेस. मुलाच्या हाती पाठवत नाहीस, नवऱ्याला सांगत नाहीस. म्हणजे जिना चढताना काहीतरी टोचत असणार. ते टोचणं पत्रात कुठेच नाही, आणि बॉसवर मात्र पानभर!

बॉसचं सांगते, लगेच उरकतं: चुकीच्या नावाने हाक मारली की सगळ्यांसमोर दुरुस्त कर, दर वेळी, हसू न आणता. नोकरी त्यासाठी सोडू नकोस.

आता काम. पुढच्या वेळी जेवायला जी कुटुंबं येतील, तेव्हा आई खाली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नाही आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटायलाही नाही. सोफ्यावर, सगळ्यांच्या मधोमध. फोटोही खाली आण आणि दिवाणखान्यात लाव. आईला आधी काही पढवू नकोस. कुणीतरी विचारेलच, 'काकू, तुम्ही नोकरी करत होतात का?' उत्तर तिला देऊ दे. त्या क्षणी तुला पापड तळायची आठवण होईल. उठायचं नाही. विषय बदलायचा नाही, 'आईने खूप कष्ट केले हो' असं गुळमुळीत काही मध्येच घुसडायचं नाही. ती कोठीबद्दल बोलेल, पावसात तुंबलेल्या गटारांबद्दल बोलेल, घाणभत्त्याबद्दल बोलेल, कदाचित एखादी शिवीही देईल मुकादमाला. देऊ दे. आणि 'पुण्यात कुठे?' असं कुणी विचारलंच, तर ते उत्तर तुझं: ताडीवाला रोड.

चेहरे बदलतील काहींचे. कुणाचे बदलले ते बघ, आणि कुणाचे नाही तेही. एखादी बाई खुर्ची पुढे ओढून 'मग काकू, पुढे काय झालं?' म्हणेल. तशी एकही निघाली नाही, तर मंडळ सोडायचं का याचं उत्तर तुला माझ्याकडून नको.

तुझा मुलगा त्या दिवशी आजीजवळ बसला पाहिजे. त्याच्या खोलीत ती का जेवते याचा त्याने काहीतरी अर्थ लावलाच असणार, आणि तो काय लावला असेल याची मला तुझ्या बॉसपेक्षा जास्त काळजी वाटते.

आई परत कधी जाणार ते तू लिहिलेलं नाहीस. जेवण त्याच्या आत ठेव.