एनएसएसच्या शिबिरातून मुलांना नेमकं काय मिळतं?

ताई, तुमची मुलगी पहिल्या वर्षाला आहे, एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घातलंय आणि आता सात दिवसांच्या शिबिराला जायचं म्हणते. बहुतेक मुलं प्रमाणपत्रासाठी आणि वाढीव गुणांसाठीच येतात, मग त्यातून संस्कार कसले होणार, ही तुमची शंका. मी कॉलेजात नऊ वर्षं एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो. जे पाहिलं ते जरा सविस्तर लिहितो.

गुणांसाठी आलेल्या मुलांना मी कधी कमी लेखलं नाही. अठराव्या वर्षी माणूस कशासाठी येतो यापेक्षा तो पुन्हा येतो का, हे मी बघत आलो. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर असा तिचा साचा. लोकांना शिबिर तेवढं दिसतं. मला मात्र तिच्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट दत्तक गाव वाटते. त्याच गावात, त्याच माणसांत परत जायचं.

एका डिसेंबरात आम्ही शोषखड्डे घेतले. मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान. न्हाणीचं नि मोरीचं सांडपाणी त्यात सोडलं की जमिनीत मुरतं, दारात डबकं साचत नाही, डास कमी होतात. सात दिवसांत अकरा खड्डे झाले. समारोपाला सरपंचांनी पाठ थोपटली, निघताना मुलांचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षी गेलो तर अकरातले सात तुंबलेले. एका आजींनी मुलांना परसदारी नेलं आणि काठीने खड्डा दाखवला. रागावल्या नाहीत. "भांडी राखेनं घासतो आम्ही. ती राख कुठं जाईल, हे इचारलं का रं कुणी?" एवढंच म्हणाल्या.

राख, साबणाचा साका, कपड्यांचे धागे अडवायला खड्ड्याच्या आधी छोटी टाकी किंवा जाळी लावावी लागते. शिबिर संपायच्या आत आकडा गाठायचा म्हणून ती आम्ही गाळली होती. निर्णय माझा होता. त्या रात्री सगळ्यांना बसवून मी ते कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी विसरणार नाही. 'सर, मी गुणांसाठी आलोय' असं आदल्या वर्षी तोंडावर सांगणारा एक मुलगा सकाळी वही घेऊन घरोघर गेला. घरात माणसं किती, धुणं कधी, भांडी कुठे घासता, हे विचारत बसला. मग सगळ्यांनी मिळून ते खड्डे उपसले. काळा, घाण वासाचा गाळ, घमेल्यानं. दगड धुऊन परत भरले, आधी टाक्या बसवल्या. त्या वर्षी नवा खड्डा एकही झाला नाही. तो मुलगा पुढे कॉलेजच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडतानासुद्धा विचारायचा, "इथे बसणार कोण आहे?" पहिल्या वर्षी मुलांना आनंद मिळाला होता. घडली ती दुसऱ्या वर्षी, आपलं काम कुणाच्या तरी दारात तुंबलेलं बघून.

बाकी गोष्टी तुम्हाला माहीत असतील. कुदळ मुलींच्याही हातात येते, पोळ्या मुलांनाही लाटाव्या लागतात. शाळेच्या खोलीत एकाच सतरंजीवर कुणाशेजारी कोण झोपतो, याचा विचार तिसऱ्या दिवसापर्यंत गळून पडतो. जात-पात मानू नये हे भाषणात ऐकणं आणि एका पातेल्यातलं वाढून घेणं यात फार अंतर आहे.

एक धोका मात्र खरा आहे. 'आम्ही गावाला काहीतरी द्यायला आलो' हा भाव घेऊन आलेली आणि तो दुप्पट करून परत गेलेली मुलंही मी पाहिली आहेत. हातात झाडू, मागे बॅनर आणि फोटो, एवढ्यावर शिबिर उरकलं की हेच होतं. म्हणून आम्ही फोन संध्याकाळपर्यंत जमा करायचो आणि विचारल्याशिवाय कुणाच्या घराचा फोटो काढू द्यायचो नाही. रात्री तासभर गोल करून बसायचं, आज कोण भेटलं, काय चुकलं ते बोलायचं. सांस्कृतिक कार्यक्रमाच्या तालमीसाठी या बैठकीला कात्री लागते, तिथे अर्धं शिबिर वाया जातं असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा मुलीला पाठवा, पण आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. याच गावात किती वर्षं जाताय? काम कुणी ठरवलं, गावातल्या बायकांना विचारलं होतं का? रात्रीची बैठक होते का? मुलींबरोबर शिक्षिका मुक्कामाला असतात ना, हेही विचारा, त्यात संकोच कसला.

ती परत आली की 'मजा आली का' यापेक्षा 'तिथे कुणाशी ओळख झाली' असं विचारा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी 'त्या गावाला जाऊन येते' म्हणाली, तर बसभाडं द्या आणि जाऊ द्या.